कच्चं लिंबू

मंडळी, विनिपेगच्या थंडीवर मी यंदा लिहिणार नाही. आपल्या अंकात दरवर्षी थंडीवर एक लेख आणि दोन कविता असतातच, त्यात माझी आणखी भर कशाला? मी लिहिणार आहे बेसमेंटवर, म्हणजे थंडीमुळे वर्षाचे पाच महिने आपण जिथे काढतो त्या जागेवर. आमच्या बेसमेंटमध्ये फर्नेस आहे, सौ.च्या लोणच्याच्या बरण्या आहेत, भारतातून आणलेली आणि आजतागायत न उघडलेली एक बॅग आहे, आणि दर शनिवारी संध्याकाळी आमचे चिरंजीव व त्यांचे चार-पाच मित्रमैत्रिणी आहेत. ही मंडळी तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ खेळतात.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहानपणी आपण चोर-पोलीस खेळायचो, आठवतं? "ठो! तू मेलास!" "हॅट्, मला गोळी लागलीच नाही!" आणि मग अर्धा तास भांडण. या खेळात तेच आहे, फक्त भांडण मिटवायला फासे आणि एक पंच ठेवला आहे. पंचाला ते 'डंजन मास्टर' म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणतो, कारण काम तो सूत्रधाराचंच करतो. तो गोष्ट सांगतो, "तुम्ही एका जुन्या पुलापाशी पोचलात, पलीकडे धूर दिसतोय." बाकीचे एकेक पात्र होऊन बसलेले असतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. त्यातली एक म्हणते, "मी आवाज न करता पुढे जाऊन बघते." जमेल का? वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या अंगी जो गुण असेल त्याचा आकडा त्यात मिळवायचा, आणि सूत्रधाराने मनाशी धरलेला आकडा गाठला तर जमलं. सोंगट्या असल्या तर असतात, नसल्या तरी अडत नाही. नियमांची पुस्तकं मात्र तीन-तीनशे पानांची आहेत, आणि आमच्या चिरंजीवांना ती तोंडपाठ आहेत. पाढे कधी झाले नाहीत, ते जाऊ द्या.

आता माझी गोष्ट. या खेळाशी माझी ओळख टेबलावर झाली नाही, कॉम्प्युटरवर झाली. जानेवारी २०००. पेम्बिना हायवेवरच्या एका अपार्टमेंटमध्ये मी आणि माझा हैदराबादचा रूममेट. सौ. साताऱ्याला, माझ्या हातात इमिग्रेशनचे कागद, आणि नोकरीचा पत्ता नाही. रूममेट रात्रपाळीला जायचा. एके रात्री निघताना त्याने मला एक खोका दिला. "टाइमपास है, खेलो," म्हणाला. आत पाच सीड्या होत्या. खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट'.

हा खेळ डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आला होता, आणि तो केला होता आपल्या शेजारच्यांनी. एडमंटनमध्ये १९९५ साली तीन डॉक्टरांनी मिळून 'बायोवेअर' नावाची कंपनी काढली, तिचा हा खेळ. पोर्टेज आणि मेनच्या चौकातून निघालात तर यलोहेड हायवे तुम्हाला एडमंटनला नेतो, साधारण तेराशे किलोमीटर. आणि गंमत अशी, की मूळ टेबलावरचा खेळही आपल्याला तसा जवळचाच. तो १९७४ साली छापला गेला. त्याचे कर्ते दोघे, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह आर्नेसन. आर्नेसन आणि त्यांच्या मित्रांनी मिनीआपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला असे डाव मांडायला सुरुवात केली होती. म्हणजे हायवे ७५ धरून फार्गोवरून गेलं तर आपल्यापासून सात-आठ तासांवर. एका दिशेला टेबलावरचा खेळ, दुसऱ्या दिशेला त्याचा कॉम्प्युटरवरचा अवतार, आणि मधे आपण विनिपेगकर! पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या रात्री मला एवढंच कळलं, की बाहेर उणे बत्तीस आहे आणि सकाळपर्यंत मला कुणाशीही बोलायचं नाही.

कॉम्प्युटरवर आणताना त्या मंडळींनी मूळ नियमांचं काय केलं, हे सांगितलं पाहिजे, कारण मी तेच खरे नियम समजून बसलो होतो.

सुरुवातीला आपलं पात्र घडवायचं असतं. ताकद किती, चपळाई किती, शहाणपण किती, हे फाशांनी ठरतं. टेबलावर तुम्ही चारचौघांसमोर फासे टाकता आणि पडेल ते दान घेऊन आयुष्य काढता. फारच वाईट पडलं तर सूत्रधाराला दया येते, एखादी संधी मिळते. कॉम्प्युटरवर मात्र 'पुन्हा टाका' असं एक बटण होतं, आणि ते कितीही वेळा दाबायची मुभा होती. पहिली संध्याकाळ मी फक्त ते बटण दाबण्यात घालवली. शेवटी असा काही महावीर तयार झाला, की आमच्या सातारच्या तालमीत त्याचा फोटो लावला असता.

दुसरी गोष्ट वेळेची. टेबलावर लढाई पाळीपाळीने होते. त्या काळच्या पुस्तकात एक फेरी म्हणजे गोष्टीतला साधारण एक मिनिट धरायचे. कॉम्प्युटरवर फेरी झाली सहा सेकंदांची, आणि सगळे एकदम हलू लागले. गोंधळ झाला की स्पेस बार दाबायचा, जग जागच्या जागी थांबतं, हुकूम द्यायचे, पुन्हा स्पेस बार. (पुढे २००० साली टेबलावरच्या नव्या पुस्तकातही फेरी सहा सेकंदांची झाली. ते कुणी कुणाचं पाहून केलं, या वादात मी पडत नाही.)

तिसरी गोष्ट हिशेबाची. त्या वेळच्या नियमांत चिलखत जितकं भक्कम, तितका त्याचा आकडा कमी! शून्याच्याही खाली जायचा. वार लागला की नाही हे काढायला वजाबाकी करावी लागे. २००० सालच्या पुस्तकाने हा उलटा कारभार सुलटा केला. कॉम्प्युटरवर मात्र ही वजाबाकी यंत्रच करायचं, मला फक्त 'लागला' किंवा 'हुकला' एवढं दिसायचं. त्यामुळे मी शंभर लढाया लढलो आणि नियम एकही शिकलो नाही.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. टेबलावर सहा पात्रं म्हणजे सहा माणसं. इथे सहाही पात्रं मीच. तसं अनेकांनी कॉम्प्युटर जोडून खेळायची सोय होती, पण मला जोडायला होतं कोण? आणि त्या सहांतला एक नायक. तो मेला की खेळ संपला. टेबलावर असं नसतं. तिथे योद्धा मेला तर त्याचा मालक थोडा हळहळतो, चिप्स खातो, आणि नवीन कागदावर नवीन पात्र लिहून पुन्हा येऊन बसतो. गोष्ट सगळ्यांची असते, एकट्याची नसते. कॉम्प्युटरवर गोष्ट एकट्याची झाली, म्हणून मग मरणावर तोडगा काढावा लागला: लढाईआधी खेळ 'सेव्ह' करायचा, हरलो की तिथून पुन्हा सुरू.

वाचकहो, मी हसण्यावारी नेतोय, पण त्या हिवाळ्यात त्या 'सेव्ह'ने मला खरोखर आधार दिला. दिवसा मी अर्ज टाकायचो आणि नकार घ्यायचो. मुलाखतीत तोंडून वेडंवाकडं उत्तर गेलं, की ते परत घेता येत नसे. रात्री मात्र प्रत्येक चूक परत घेता यायची. एप्रिलमध्ये नोकरी लागली, जूनमध्ये सौ. आली, सीड्या रूममेटबरोबर टोरांटोला गेल्या. पण सवय राहिली असावी. आपलं माणूस पडायच्या आधीच आपण गोष्ट मागे न्यावी, ही सवय.

आता वीस-बावीस वर्षं पुढे या. मुलगा युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबात शिकायला लागला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला. या खेपेला तो एडमंटनचा नव्हता, बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा होता. आम्ही बापलेकांनी तो बेसमेंटमध्ये शेजारी बसून खेळला, आणि मी अभिमानाने सांगतो, 'लढाईआधी सेव्ह कर' हा सल्ला त्याला माझ्याकडून मिळाला. या खेळात लढाई पुन्हा टेबलासारखी पाळीपाळीने आली होती. मला वाटलं, चला, आता नियम जसेच्या तसे असतील. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अजिबात नाही," आणि पुस्तक घेऊन बसले.

त्यांनी मला दाखवलं ते असं. पुस्तकात प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र दहा मिनिटं टिकतो. कॉम्प्युटरवर तो मोठी विश्रांती घेईपर्यंत टिकतो, कारण माणूस पडद्यावर कुठेही भटकत असतो, कुत्रा दिसेपर्यंत दहा मिनिटं होऊन गेलेली असतात. पुस्तकाप्रमाणे वीस पडले की हमखास यश आणि एक पडला की हमखास अपयश, हे फक्त वार करताना. कॉम्प्युटरवर ते बोलण्यात, कुलूप उघडण्यात, सगळीकडे आलं. आणि एक गंमत म्हणजे त्यात 'कार्मिक डाइस' नावाची सोय आहे. ती चालू असली की यंत्र तुमच्यावर लागोपाठ वाईट दान पडू देत नाही. कर्मिक! आपलाच शब्द, आणि काम अगदी उलटं.

मी विचारलं, "असं का करावं लागलं?" तो म्हणाला, "स्क्रीनवर चार वेळा हरलं की लोकांना वाटतं मशीन चीटिंग करतंय. टेबलावर फासा सगळ्यांच्या समोर पडतो, मग कोण कुणाला बोलणार?"

हे नियम मग टेबलावर परत आले. त्याच्या मित्रांपैकी निम्मे कॉम्प्युटरवरूनच या खेळाकडे वळलेले. एक मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, औषधाची कुपी पिणं ही जोडकृती आहे. आता, प्रत्येकाच्या पाळीत एक मुख्य कृती असते आणि कधी कधी एक छोटी जोडकृती. तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे औषध पिण्यात मुख्य कृती खर्च व्हायची, म्हणजे औषध प्यायलात की त्या पाळीत वार नाही. कॉम्प्युटरवर ती जोडकृती केली होती. टेबलाभोवती वाद झाला. चिरंजीवांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, बरोबर आहे, तसं खेळायला जास्त मजा येते, तसंच करू. असा घरचा नियम कितीतरी टेबलांवर आधीपासून चालत होताच. आणि २०२४ साली नियमांचं नवं पुस्तक आलं, त्यात औषध पिणं जोडकृती झालेलं होतं! घरचा नियम, मग कॉम्प्युटर, मग छापील पुस्तक. आपल्या लूडोत 'एक तरी सोंगटी मारल्याशिवाय घरात शिरायचं नाही' हा नियम कुणी केला? कुठल्या तरी आजीनेच.

सगळंच मात्र त्याने घेतलं नाही. दुसऱ्या एका मुलाला राजवाड्याच्या पहारेकऱ्याशी बोलताना वीस पडले, आणि त्याने खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या. "वीस पडले, म्हणजे मिळाल्याच पाहिजेत!" चिरंजीव शांतपणे म्हणाले, "वीस पडले म्हणून त्याला वाटलं तू विनोद करतोयस. एक पडला असता तर तू आत्ता तुरुंगात असतास."

आता मुख्य भाग. माझी आई ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली. त्याच उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. बोलणं जरा संथ झालं होतं आणि उजवा हात मनासारखा चालत नव्हता. मी तिला आणायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, "त्यांना कामं करू द्या." मी ते ऐकलं आणि विनिपेगला आल्यावर नेमकं उलट केलं. गॅसला हात लावायचा नाही. जिना उतरायचा नाही. बर्फात तर दारही उघडायचं नाही. ती सोफ्यावर बसून खिडकीतून आमच्या ड्राइव्हवेकडे बघायची.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ती आणि नातू फोनवर लूडो खेळायचे. ती साताऱ्यात, हा इथे. तेव्हा ती त्याला रोज हरवायची आणि हरवल्यावर फोन करून चिडवायचीही. मी त्यांना पुन्हा खेळा म्हटलं. पण फोनवरच्या लूडोत वेळ मोजलेला असतो. तिचं बोट जागेवर पोचेपर्यंत पाळी पुढे गेलेली असायची. दोन दिवस प्रयत्न केला आणि तिने फोन बाजूला ठेवला. "डोळे दुखतात," म्हणाली.

लूडो हा तर आपल्याच पचिसीचा, सारीपाटाचा विलायती अवतार. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो आपल्याकडे नेला तेव्हा कवड्या गेल्या आणि फासा आला, आणि मुख्य म्हणजे भिडू गेला. पचिसीत समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू, लूडोत ज्याचा तो. पुढे तो फोनवर आला तेव्हा त्यातून आणखी काहीतरी गेलं, ते काय हे मला नीट सांगता येत नव्हतं. ते मला जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी कळलं.

त्या दिवशी बर्फाचं वादळ होतं. मित्रांपैकी दोघे येऊ शकले नाहीत, आणि दोन पात्रं कमी पडत होती. चिरंजीव वर आले. "बाबा, तुम्ही बसा. आणि आजी, तू पण चल." मी म्हटलं, "तेरा पायऱ्या आहेत." तो म्हणाला, "मोजून आणतो." आणि तिचा हात धरून, एकेक पायरी मोजत, खरंच घेऊन गेला. मी मागे, दोन्ही हात पुढे करून, गोलकीपरसारखा.

त्याने तिला जखमा बऱ्या करणारी, देवाधर्माची एक पुजारीण दिली. नाव काय, विचारल्यावर आई म्हणाली, "गोदाक्का." खेळ सुरू झाला. एक पूल, पुलावर एक भला थोरला राक्षस, वाटसरूंकडून पैसे उकळणारा. मुलं लगेच लढाईचे बेत करू लागली. नातू तिला मराठीत समजावत होता. तिने हळूहळू विचारलं, "तो तिथे एकटाच राहतो का?"

"हो, आजी."

"मग त्याच्या जेवणाखाण्याचं कोण बघतं?"

नातवाने हे इंग्रजीत सांगितल्यावर टेबल हसलं. मी म्हणालो, "आई, तसं नाही चालत यात. एकतर मारायचं, नाहीतर मंत्र टाकायचा, नाहीतर पळायचं." खरं म्हणजे मी तिला पडद्यावरची बटणं वाचून दाखवत होतो. पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेली.

"बाबा, इथे चालतं," चिरंजीव म्हणाले. "आजी, तू काय करतेस?"

"माझ्याजवळ भाकरी-पिठलं बांधलेलं आहे म्हण. त्याच्यापुढे ठेवते. म्हणते, आधी खा, मग भांड."

गोदाक्काच्या कागदावर शिधा लिहिलेला होता, म्हणजे अडचण नव्हती. त्याने क्षणभर विचार केला. "राक्षसाचं मन वळवायला पंधरा लागले असते. जेवण पुढे केलंस, म्हणून बारा. टाक."

तिने फासा डाव्या हातात घेतला, उजव्यात दिला, पुन्हा डाव्यात घेतला. मुठीत नीट बसेना. एक मिनिट तरी गेलं असेल. मंडळी, त्या एका मिनिटात कुणी हललं नाही, कुणी मोबाइल काढला नाही, कुणी "मी टाकू का?" म्हटलं नाही. फर्नेसचा आवाज तेवढा येत होता. आणि मला कळलं, फोनवरच्या लूडोतून काय गेलं ते. तिथे वाट बघणारं कुणी नव्हतं.

फासा पडला. चार. गुणाचे तीन मिळवून सात.

मी लगेच बोललो. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. "आई, पुन्हा टाक. हात थरथरला, तो धरायचा नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"का रे? मी काय कच्चं लिंबू आहे का?"

कच्चं लिंबू म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगायला नको. गल्लीतल्या खेळात एखाद्याचं शेंबडं भावंड मागे लागायचं, त्याला घ्यावं तर लागायचं, मग ते कच्चं लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, ते आउट झालं तरी आउट नाही. चांगला नियम आहे, त्यात माया आहे. पण मोठं झाल्यावर ज्याला कळतं, की आपण अजूनही कच्चं लिंबूच आहोत, त्याला काय वाटत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

"पडलं ते पडलं," ती म्हणाली. "पुढे सांग रे बाळा."

नातवाने सांगितलं. राक्षसाने भाकरी-पिठलं सगळं खाल्लं, तोंड पुसलं, आणि सोटा उचलून गोदाक्काला हाणला. तिचा दहा जीव होता, त्यातला एक उरला. पण तो खायला बसला होता तेवढ्यात आमचा चोर गुपचूप पूल ओलांडून गेला होता. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं, त्याने तिथल्या तिथे ठरवलं. आई हसली. "मेला कृतघ्न!" म्हणाली. उन्हाळ्यानंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

रात्री सगळे गेल्यावर मी मुलाला विचारलं, "तू आजीसाठी आकडा कमी केलास ना?" त्याचं उत्तर अर्धं इंग्रजीत होतं, मी माझ्या मराठीत सांगतो. तो म्हणाला, आजीसाठी नाही, तिच्या कल्पनेसाठी. ती कल्पना कुणाचीही असती तरी मी तो कमी केला असता. पण फासा पुन्हा टाकू दिला असता, तर ती खेळली नसती, आपण तिला खेळवलं असतं.

मी कॉम्प्युटरच्या विरुद्ध नाही. त्या पाच सीड्या नसत्या तर तो पहिला हिवाळा मी कसा काढला असता, देव जाणे. हिशेब यंत्राने केला म्हणून लाखो नवखे या खेळात आले, आणि औषधाच्या कुपीचा नियम यंत्रात सुधारला हे मी वर कबूल केलंच आहे. यंत्रातही 'सोपं' आणि 'कठीण' असे पर्याय असतात. पण यंत्राला आधी लिहून ठेवलेलंच चालवता येतं. राक्षसाच्या जेवणाची चौकशी एखादी म्हातारी करील, हे कुणी लिहून ठेवलेलं नसेल तर ते बटण येणार कुठून? आणि आकडा कुठे कमी करावा पण फासा मात्र पुन्हा टाकू देऊ नये, हे समोरच्या माणसाकडे बघूनच ठरतं. माझ्या मुलाला ते एकविसाव्या वर्षी जमलं. मी तिच्याकडे तीन महिने बघत होतो आणि मला जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पिठलं केलं. डाव्या हाताने ढवळलं, खाली थोडं लागलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, पण आत गेलो नाही. पिठलं सगळ्यांनी खाल्लं.

एप्रिलमध्ये ती साताऱ्याला परतली. पण गोदाक्का अजून आहे, आता तिचा बराच जीव वाढला आहे. हिवाळ्यात आपल्याकडे शनिवारचे रात्री आठ वाजतात तेव्हा तिकडे रविवारचे सकाळचे साडेसात झालेले असतात. तिचा चहा झालेला असतो. फोन ती साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळ छतावरचा पंखाच दिसतो. तिची पाळी आली की फासा ताटलीत पडल्याचा आवाज येतो आणि मग आकडा येतो, "नऊ." कधी "तीन." परवा "वीस" म्हणाली आणि टेबलावर एकच जल्लोष झाला. कॅमेरा फाशाकडे फिरव, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना आग्रहाचं आमंत्रण आहे. वादळ आलं की आमच्याकडे एखादी खुर्ची रिकामी असतेच. इंग्रजीची चिंता नको, भाषांतर होतं. फासे आम्ही देऊ. फक्त जिना जपून उतरा, तेरा पायऱ्या आहेत.